थोरलीनं सव्वादोन वर्षं पाजलं, मला का जमत नाही?

पत्र:

काकू, मी उचगावात सासरी असते. मुलगी चार महिन्यांची आहे, सिझेरियन झालं. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या ऑफिसात अकाउंट्स बघते. बाळंतपणाआधी चार आठवडे रजेवर गेले होते, त्यामुळं रजा आता महिन्याभरात संपते. पहिले तीन महिने गडहिंग्लजला माहेरी होते, तेव्हा सगळं ठीक होतं. इथं आल्यापासून पोरगी संध्याकाळी रडत असते आणि सारखी अंगावर मागते. सासूबाई म्हणतात, "दूध आटलंय तुझं, पोरीचं पोट भरंना झालंय. वरचं चालू कर, म्हणजे तुझी ड्युटी पण सुरळीत हुईल." परवा पंप लावून बघितला, जेमतेम ३० मिली निघालं. रडूच आलं. माझ्या थोरल्या बहिणीनं मुलाला सव्वादोन वर्षं पाजलं. आम्ही एकाच आईच्या लेकी, मग मलाच का जमत नाही? किती महिने पाजलं म्हणजे पुरे? जन्माचं वजन २.८ होतं, आता अंगणवाडीत केलं ते ५.९ भरलं. मला अगं-तुगं करा, पण उत्तर खरं द्या.
– उचगावची आई

प्रिय लेकी,

तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तू शेवटी, जाता जाता लिहिली आहेस. जन्माला २.८, आता ५.९. चार महिन्यांत वजन दुपटीच्या पुढं गेलं, तेही वरचं काही न देता. हे सगळं तुझ्याच दुधावर झालंय. दूध आटलेल्या आईचं लेकरू असं वाढत नाही. जोडीला एवढंच बघ: दिवसरात्रीत सहा किंवा जास्त वेळा लघवी होते का, ती फिकट असते का, आणि जागी असताना पोरगी टवटवीत दिसते का. तिन्हीचं उत्तर होय असेल तर दुधाची काळजी आजपासून सोड. लघवी कमी झाली, वजन अडलं किंवा पोरगी सुस्त पडून राहायला लागली, तर मात्र कुणाच्या सल्ल्याची वाट न बघता बालरोगतज्ज्ञांकडं जायचं.

मी तीस वर्षं परिचारिका म्हणून गावोगाव हिंडले. अंगावरचं लवकर तुटण्याचं जे कारण मी सर्वांत जास्त ऐकलं, ते हेच: "दूध पुरंना." त्यातल्या बहुतेक घरांत दूध पुरत होतं, खुणांचा अर्थ चुकत होता. दीड-दोन महिन्यांनी छाती पहिल्यासारखी दगडासारखी भरत नाही, मऊ लागते. बाईला वाटतं, आटलं. खरं तर अंगाला तोवर बाळाच्या मागणीचा अंदाज आलेला असतो. वाढीच्या भरात बाळ चार-पाच दिवस तासातासाला अंगावर मागतं. घरातले म्हणतात, पोट भरत नाही. खरं तर ते मागून मागून पुढच्या दिवसांचं दूध वाढवून घेत असतं. आणि नेमक्या त्याच दिवसांत वरची बाटली आली की मागणी घटते, छाती पूर्ण रिकामी होत नाही आणि दूध खरोखरच कमी व्हायला लागतं. मग सगळे म्हणतात, बघा, आम्ही म्हणत नव्हतो?

पंपाच्या ३० मिलीवरही विश्वास ठेवू नकोस. पंप कधी लावलास? पाजून झाल्यावर, की मन धास्तावलेलं असताना? गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर एकदा म्हशीची धार काढताना बघ. गवळी आधी कासेवर पाणी मारतो, हात फिरवतो, पान्हा सुटेपर्यंत थांबतो. अनोळखी माणूस जवळ आलं, कुत्रं भुंकलं की म्हैस पान्हा चोरते. कासेत दूध असतं, पण धार येत नाही. ही गोष्ट कोल्हापूरच्या माणसाला कुणी शिकवावी लागत नाही. आपल्याच घरातल्या बाळंतिणीच्या बाबतीत मात्र ती आपण विसरून जातो, याचं मला फार वाईट वाटतं. बाईच्या शरीरातही दूध बनवायचं काम प्रोलॅक्टिन करतं आणि ते खाली उतरवायचं काम ऑक्सिटोसिन. हे दुसरं संप्रेरक दुखणं, लाज आणि धास्ती यांनी अडतं. चार माणसांसमोर "बघू किती निघतंय" म्हणून लावलेल्या पंपात तीस मिली आलं, हेच पुष्कळ झालं.

आता तुझ्या बहिणीचं. एकाच आईच्या लेकी खऱ्या, पण तुम्हा दोघींची बाळंतपणं वेगळी, घरं वेगळी, दिवसाचे तास वेगळे. किती दिवस पाजणं होतं हे आईच्या मायेपेक्षा या गोष्टींवर जास्त ठरतं.

सुरुवात पहिल्या तासापासून होते. २०१९ ते २१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली जवळजवळ ८९ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात. पण जन्मल्यावर तासाभरात अंगावर घेतलेली बाळं शंभरात साधारण ४२ च. म्हणजे डॉक्टर आणि नर्स जवळ असूनही निम्म्याहून जास्त बाळांचा तो तास हुकतो. सिझेरियन असेल तर आणखीच. आई टाक्यांनी विव्हळत असते, बाळ दुसऱ्या खोलीत, आणि तोवर कुणीतरी ग्लुकोजचं पाणी किंवा डब्याचं दूध पाजून मोकळं होतं. त्यात चीक जड म्हणून पिळून टाकायची रीत अजून पुरती गेलेली नाही. म्हैस व्यायली की ज्या घरात खरवसाच्या वड्यांची वाट बघतात, त्याच घरात लेकराच्या वाटणीचा चीक फडक्यात पिळून टाकलेला मी पाहिलाय. पहिल्या दिवशी तो चमचा-दोन चमचेच येतो, पण बाळाचं पोटही तेव्हा तेवढंच असतं. तुझ्या बाबतीत पहिला दिवस कसा गेला ते तू लिहिलं नाहीस. कसाही गेला असला तरी सिझेरियननंतर चार महिने निव्वळ अंगावर पाजलंस, ही सोपी गोष्ट नाही, हे आधी स्वतःला सांग.

दुसरं म्हणजे माहेर आणि सासर. तूच लिहिलंयस, गडहिंग्लजला सगळं ठीक होतं. तिथं तू आईच्या घरात होतीस. शेक-शेगडी, आयतं ताट, आळिवाचे लाडू, शेपूची भाजी, रात्री बाळ रडलं तर मांडीवर घ्यायला आजी. पोरगी दर तासाला अंगावर आली तरी कुणी घड्याळ बघत नव्हतं. सासरी आल्यावर ओटा आला, पाहुणे आले, बाहेरच्या खोलीत माणसं असली की पाजायचं कुठं हा प्रश्न आला. म्हणून पाजण्याच्या वेळा लांबत गेल्या असतील. लाडवांनी दूध येतं की नाही यावर बायका माझ्याशी भांडल्या आहेत. माझं उत्तर असं की पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज साधारण ६०० कॅलरी जास्त लागतात, त्या लाडवातून मिळाल्या तर उत्तमच. दूध वाढतं ते मात्र छाती वारंवार आणि पुरती रिकामी झाल्यानं.

सासूबाईंवर राग धरू नकोस. त्यांना पोरीचं रडणं ऐकवत नाही. त्यांच्या काळात "वरचं" म्हणजे बाळाच्या तब्येतीची खूण होती, डब्यांच्या जाहिरातीत गुबगुबीत बाळं असत. दोन वर्षांच्या आतल्या बाळाचं डब्याचं दूध, खाणं आणि बाटल्या यांची जाहिरात करायला, आयांना फुकट नमुने वाटायला १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे. २००३ साली तो आणखी कडक झाला. पण डोक्यात बसलेलं चित्र कायद्यानं लगेच जात नाही. पाचगावच्या एका घरात गेले होते, तिथली आजी अशीच दारात उभी राहून म्हणत होती, "पुरत न्हाई तिला, लिहून द्या डबा." सून खाटेच्या कडेला पाय लोंबकळत बसलेली, पाठीला आधार नाही, बाळावर वाकलेली, आणि बाळाच्या तोंडात नुसतं स्तनाग्राचं टोक. मी आजीलाच दोन उशा मागितल्या. सुनेला भिंतीला टेकवलं, पायाखाली पाट दिला, बाळाचं पोट आईच्या पोटाला लागेल असं वळवलं. जांभई दिल्यासारखं तोंड उघडेपर्यंत थांबलो आणि मग जवळ घेतलं. खालचा ओठ बाहेर दुमडला, हनुवटी छातीला टेकली. आधी भराभर चोखणं, मग ते हळू झालं आणि गळ्यातून गट्, गट् असा आवाज यायला लागला. आजी खाली बसली. म्हणाली, "आगं, ही तर पितीया की." त्या पोरीला पुढं दीड वर्ष आजीनंच अंगावरचं तोडू दिलं नाही.

नोकरीचा मुद्दा सगळ्यात अवघड आहे, म्हणून त्यावर सविस्तर लिहिते. पहिले सहा महिने निव्वळ आईचं दूध, पाणीसुद्धा नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कायद्यानं मिळणारी रजा २६ आठवड्यांची. २०१७ पर्यंत ती १२ आठवड्यांची होती. वरवर दोन्हींचा मेळ बसतो. पण त्या २६ आठवड्यांतले आठपर्यंत आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात, आणि तू चार घेतलेस. राहिले २२. म्हणजे पोरगी पाच महिन्यांची होते ना होते तोच तुला हजर व्हावं लागणार. ही तुझी चूक नाही. नववा महिना भरत आलेला असताना रोज शिरोलीला गाडीवर जायचं नाही, हे तू बरोबरच केलंस.

तरी तुला २६ आठवडे तरी मिळाले. दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यात ऊसतोडीच्या टोळ्या येतात. पहाटे अंधारात फडात गेलेली बाई बाळाला उसाच्या पाचोळ्यावर, साडीच्या झोळीत ठेवते, मोळ्या बांधून झाल्या की पाजते. तिला ना रजा, ना सावली. आईनं किती महिने पाजलं यावरून तिची माया मोजणाऱ्यांनी एकदा त्या फडाच्या बांधावर उभं राहून बघावं.

माझंही सांगते. माझ्या पहिल्या मुलाच्या वेळी मला तिसऱ्या महिन्यात कामावर हजर व्हावं लागलं. दुपारपर्यंत छाती भरून ठणकायची, पदर ओला व्हायचा. एकांत म्हणून एकच जागा होती, संडासाची. तिथं उभ्यानं दूध पिळून मोरीत सोडायचे. महिन्याभरात दूध गेलं. आया-बायांना पाजायला शिकवणारी मी, माझ्या लेकराला पाजू शकले नाही. कितीतरी वर्षं मी तो दोष माझ्याच अंगावर घेतला होता. त्यात माझा दोष नव्हता, मला एक खोली आणि अर्धा तास हवा होता. तुला ते मागायचा हक्क आहे म्हणून इतकं पोटतिडकीनं लिहितेय.

बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळेत, जेवणाच्या सुट्टीशिवाय, पाजण्यासाठी दोन जादा सुट्ट्या देणं मालकावर बंधनकारक आहे. पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तर पाळणाघराची सोय करावी लागते आणि आईला तिथं दिवसातून चार वेळा जाता यायला हवं. रजा संपल्यावर, कामाचं स्वरूप तसं असेल तर, दोघांच्या संमतीनं काही काळ घरून काम करायचीही मुभा आहे. हे सगळं मूळ मातृत्व लाभ कायद्यातलं. आता सामाजिक सुरक्षा संहिता आली तरी या तरतुदी तिच्यात आहेत. तुझं काम हिशोबाचं आहे, भट्टीपुढचं नाही. निदान पहिला महिना आठवड्यातले दोन-तीन दिवस घरून करू द्या, असा साधा अर्ज आजच लिही. तोंडी बोलू नकोस. अर्जात दोन सुट्ट्यांच्या वेळा लिही आणि आतून कडी लागणारी खोली माग. बायका कमी असलेल्या कारखान्यात हे मागायला संकोच वाटतो, मला कळतं. पण तू मागितलंस की तुझ्यामागून येणारीला मागावं लागणार नाही.

आता घरातली तयारी, तीही आजपासून. सकाळचं पहिलं पाजून झाल्यावर छातीत दूध जास्त असतं, तेव्हा रोज थोडं हातानं काढायला शिक. हात साबणानं धू, गरम पाण्यात पिळलेलं फडकं छातीवर ठेव, पोरीला जवळ झोपव किंवा तिचं झबलं नाकाशी धर. हसू नकोस, त्यानंच पान्हा सुटतो. अंगठा वर, बोटं खाली, काळ्या भागाच्या थोडं मागं धरून आधी बरगडीकडं दाब, मग बोटं एकमेकांकडं. स्तनाग्र ओढायचं नाही. पहिल्या दिवशी चमचाभर येईल, आठवड्यात वाटी भरायला लागेल. उकळलेल्या स्टीलच्या झाकणाच्या डब्यात ठेव. खोलीत चार तासांच्या आत संपवायचं, उन्हाळा असेल तर त्याहून लवकर. फ्रीजमध्ये आत, मागच्या बाजूला ठेवलं तर दोन दिवस बिनघोर. दारात ठेवायचं नाही. वर सायीसारखा थर येतो. नासलं म्हणून सासूबाई ओतून देतील, त्यांना आधीच सांग की ते हलवून एकजीव करायचं. गरम पाण्याच्या भांड्यात डबा ठेवून कोमट करायचं, गॅसवर उकळायचं नाही. पाजून उरलेलं पुन्हा ठेवायचं नाही.

तू नऊ-दहा तास बाहेर असशील तर साधारण तीन वेळचं, एकूण २५० ते ३०० मिली लागेल. ते बाटलीनं नको. बाटलीतून धार आपसूक येते, मग काही बाळं छातीला मेहनत करायला तयार होत नाहीत. शिवाय तिची स्वच्छताही अवघड. वाटी-चमचा चालेल, बोंडलं त्याहून सोयीचं. बारशाला माहेराहून चांदीचं आलं असेल तर ते कपाटात ठेवून द्या आणि रोजच्याला स्टीलचं आणा, त्याची चोच नीट घासता आणि उकळता येते. आणि हे काम सासूबाईंच्याच हातात दे. म्हण, "आई, मी नसताना पोरगीला तुम्हीच पाजायचं, बोंडल्यानं पाजायचं तुमच्याइतकं कुणाला जमणार नाही." खोटं नाही ते. ज्यांनी तीस वर्षांपूर्वी पोरं बोंडल्यावर वाढवली त्यांचा हात आजही बसलेला असतो. तू घरी असशील त्या दिवसांतच एक वेळ त्यांच्याकडून पाजून घे, म्हणजे पोरीला आणि त्यांना सवय होईल. नवऱ्यालाही काम दे. संध्याकाळी तू दारातून आत आलीस की पहिला अर्धा तास चहा, भाजी, पाहुणे यातलं काही तुझ्याकडं यायचं नाही. तो वेळ पोरीचा. रात्रीचं पाजणं चालू ठेव, रात्री प्रोलॅक्टिन जास्त असतं आणि दूध त्यावर टिकतं.

एवढं करूनही हजर झाल्यापासून सहा महिने पुरे होईपर्यंतच्या त्या चारेक आठवड्यांत दूध कमी पडलं तर? बालरोगतज्ज्ञांना विचारून त्या एका वेळेला डब्याचं दूध द्यायला माझी हरकत नाही, बाकी वेळा अंगावर चालू ठेवायचं. म्हशीचं दूध, कितीही धारोष्ण असलं आणि कितीही पाणी घातलं तरी, वर्षाच्या आत पिण्यासाठी नको. मध आणि उगाळलेली गुटीही नको. सहा महिने पूर्ण झाले की पातळ नाचणीची लापशी, मऊ भात-वरण, त्यात तुपाचा थेंब, कुस्करलेलं केळं, उकडलेलं अंडं हळूहळू सुरू होईल. मग दिवसा तुझ्या दुधावरचा भार कमी होईल आणि नोकरी सांभाळून पाजणं आतापेक्षा सोपं होईल.

बाकी कारणं थोडक्यात. चिरा पडल्या किंवा गाठ येऊन ताप आला तर पाजणं थांबवू नकोस, डॉक्टरांना दाखव. बहुतेक औषधं पाजताना चालतात, फक्त "मी पाजते" हे सांगूनच गोळी घ्यायची. दिवस गेले तर दूध "बाधतं" असं म्हणतात, तसं नसतं. आणि एक विचारते, कारण तू लिहिलंयस "रडूच आलं". रोज रडू येत असेल, पोरीकडं बघूनही काही वाटेनासं झालं असेल, झोप मिळूनही येत नसेल, तर ते बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं. त्यानंही पाजणं तुटतं, आणि त्याला उपचार आहे. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न, किती महिने पुरे. सहा महिने निव्वळ अंगावर, पुढं खाण्याबरोबर दोन वर्षं आणि त्यानंतरही तुम्हा दोघींना हवं तोवर, हे शास्त्राचं उत्तर. जेवढं जास्त पाजशील तेवढं पोरीला जुलाब आणि न्यूमोनियापासून संरक्षण, आणि तुलाही पुढं स्तनाच्या कर्करोगाचा धोका कमी. पण नवव्या महिन्यात किंवा वर्षानं तुला थांबावंसं वाटलं, तर ते ठरवायचा अधिकार तुझा आहे, थोरलीच्या सव्वादोन वर्षांचा नाही. वर्षाच्या आत थांबलीस तर त्या जागी काय द्यायचं ते डॉक्टरांना विचारून ठरव, एवढंच. थांबशील तेव्हा कोरफड किंवा कडुलिंब लावून एका रात्रीत तोडू नकोस, पोरीलाही त्रास आणि तुझ्या छातीलाही. दुपारचं आधी सोड, आठ-दहा दिवस जाऊ देत, मग संध्याकाळचं. पहाटेचं सगळ्यात शेवटी.

अर्ज कसा लिहावा ते सुचलं नाही तर मला कळव, मसुदा पाठवते.

तुझी काकू